चिमूट

सुक्कोत संपला. अंगणातला मंडप उतरवला,
छपराच्या फांद्या भिंतीशी वाळत पडल्या,
आणि सोमवारी पोरांनी घरून महाळुंगं आणली:
सात दिवस कापसात जपलेली,
आता कुणालाच नको असलेली.
ज्यांच्या घरी परवडलं नव्हतं
त्यांना मी बाजारातून संत्री आणून ठेवली होती.

माझी आई इझमीरहून बोटीने आली
तेव्हा तिच्यासोबत ही एक रीत आली:
फळाला लवंगा टोचायच्या, सुकू द्यायचं,
आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की
शब्बाथ निघून जाताना त्याचा वास घ्यायचा,
म्हणजे मन मागे ओढ घेत नाही.
आई म्हणायची, लवंग हा खिळा आहे,
वासाला जागेवर ठेवणारा.

अंगठा इथे. तर्जनी इथे.
मधलं बोट खाली, टेकू म्हणून.
उरलेली दोन झोपू देत, त्यांना आज सुट्टी.
आधी टूथपिकने भोक, मग लवंग, मग दाब.
सव्वीस वर्षं मी हेच सांगते आहे,
कधी लवंगेबद्दल, कधी कात्रीबद्दल,
कधी नुसत्याच बटणाबद्दल.

एस्त्रेयाने गोल गोल वळणं घेत
देठापासून टोकापर्यंत फळ भरून टाकलं.
नाउमने पाऊण तासात तीन लवंगा टोचल्या.
त्यांतली एक पडली.

नाउमच्या फाइलीत एक कागद आहे,
डॉक्टरबाईंच्या सुबक अक्षरातला:
'चिमटीची पकड कमकुवत.'
सुबक अक्षर असलं की असं लिहिणं सोपं जातं.
गेल्या हनुक्काला त्याने भोवरा फिरवलाच नाही,
फरशीवर आडवा करून गाडीसारखा ढकलला,
तोंडाने इंजिनाचा आवाज काढत.
बाहेर रात्री आठलाही ऊन होतं,
मोंतेव्हिदेओतला डिसेंबर,
मेणबत्त्या पेटवण्याआधीच वाकलेल्या.
मी म्हटलं होतं, असू दे, गाडी तर गाडी.
त्याचे वडील फाटकाशी उभे होते,
काखेत थर्मास, हातात माते,
मुलाच्या हातांकडे सोडून सगळीकडे बघत.

मंगळवारी सकाळी वर्ग उघडला
तर खिडकीतल्या एस्त्रेयाच्या महाळुंगाला
एकही लवंग नाही.
नुसती भोकं, गोल गोल वळणं घेत.
आणि खालच्या बाकावर, पट्टीने आखल्यासारख्या,
लवंगांच्या रांगा. मी मोजल्या: एकशे अकरा.
काल संध्याकाळी उशिरा न्यायला आले होते
ते एकट्या नाउमला.

आता मला रागवायला हवं होतं.
मी त्याला बोलावलं, गुडघ्यावर बसले,
त्याचे दोन्ही हात हातात घेतले
आणि काय बोलायचं ते विसरले.
अंगठा आणि तर्जनी, दोन्हींच्या टोकांना
तपकिरी डाग, सालीचं तेल, नखाखाली चुरा.
टोचायला दाब पुरतो.
उपटायला पकड लागते.
रुतून बसलेली लवंग डोक्याशी धरायची,
तिचं बारकं डोकं न मोडता, सरळ,
एकशे अकरा वेळा.
एकाही लवंगेचं डोकं मोडलं नव्हतं.

"का काढल्यास?"
त्याने खांदे उडवले.
"त्या आत अडकल्या होत्या."

कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, मग खोडलं.
सुटका करणं
हा रकाना त्यांच्याकडे नाही.

एस्त्रेया मात्र रडली, आणि तिचं बरोबर होतं.
नाउमने सॉरी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून,
माझ्याकडे बघत.
मी तिला माझं महाळुंग दिलं,
आईच्या पद्धतीने दाटीवाटीने टोचलेलं.
तिने नाकाशी धरलं, डोळे मिटले,
थोडा वेळ विचार केला आणि परत दिलं.
"याला तुझ्या घराचा वास येतो," ती म्हणाली,
आणि आपलं भोकाभोकांचं फळ उचलून
बाकाशी जाऊन बसली,
जिथे नाउम आधीच
एक एक लवंग
चिमटीत धरून
तिच्यासमोर ठेवत होता.