तारेची मागची बाजू

बसा, प्राध्यापक. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लुळा आहे.
डब्लिनहून एवढ्या लांब आलात
आणि विचारताय काय, तर ॲट्रॅक्टा लाव्हेलला
तो उजेड नेमका दिसला कुठे.

तुमच्या प्रस्तावनेत टेकडी आहे.
टेकडी कसली!
दलदलीला वळसा घालणारा रस्ता,
गिनेलींच्या बांधाचा कोपरा,
आणि भिजलेल्या पीटचे ढीग,
काळ्या गाई बसाव्यात तसे.

मी तिच्याकडे तारा पोचवायचो. आठवड्याला चार शिलिंग,
सायकल पोस्टाची, पंप माझा.
ती खिडकीमागे. तिकिटं विकायची, पेन्शनी मोजायची,
आणि तारेचा एखादा फॉर्म वाया गेला
की उलटा करून पेन्सिलीनं लिहायची काहीबाही.
आम्हाला वाटे हिशेब.
मध्येच थांबून बोटांवर मोजायची,
हसायची,
जणू बाकी शून्य आली.

गाव म्हणे, बाई जरा पलीकडची.
एकदा पार्सल तोलताना काट्याकडे बघतच राहिली.
मिसेस कॅडनला म्हणाली,
"हा थरथरतोय बघा. कुणीतरी श्वास घेतंय याच्यावर."
मिसेस कॅडननं मुकाट दोन पेन्स जास्त भरले
आणि महिनाभर तेच सांगत फिरली.

त्या मार्चात मला गालगुंड झालं.
म्हणून ती तार तिनं स्वतः नेली.
ग्लासगोहून आलेली. ओनोरा गिनेलीचा धाकटा, गोदीत, क्रेनखाली.
अकरा शब्द.
टकटक ऐकत तिनंच उतरवलेले.

पाऊस नुकता थांबला होता,
हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं.
वळणावर उजेडच डबकं होऊन पडला होता.
बांधाचे दगड,
काटेरी झुडपाला अडकलेला मेंढीच्या लोकरीचा पुंजका,
तिचे स्वतःचे ठिगळ लावलेले बूट,
सगळं आतून पेटलेलं, आणि काही जळत नव्हतं.
आपण कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो
ते तिला कळेना.
तार खिशातच होती.
आणि इतका आनंद झाला, प्राध्यापक,
की ती धावत सुटली.

ओनोरा दारात कोंबड्यांना दाणे टाकत होती.
तिनं हा चेहरा येताना पाहिला,
एप्रनमधले दाणे सांडू दिले, हात पसरले:
"येतोय ना माझा टाइग? कुठल्या बोटीनं?"

चहा घ्या. गार होतोय.

त्यानंतर नऊ वर्षं
आमच्या पोस्टात एकही फॉर्म वाया गेला नाही.

ओनोरा दर शुक्रवारी पेन्शनीला येई.
अंगठा, नाणी, दार.
दहाव्या वर्षी, हिवाळ्यात, नाणी उचलायची ती थांबली.
मी पिशव्या शिवत होतो तिथे, ऐकलंय मी.
म्हणाली, "त्या दिवशी तू दोन बातम्या आणल्या होत्यास.
एक मला दिलीस.
दुसरी कुठाय?"

त्या रात्री पोस्टाचा दिवा विझला नाही.

तुम्हाला बिस्किटांच्या डब्यात मिळाले ते
दोनशे सात कागद, ते तिथून पुढचे.
पहिल्यावरची ओळ मला पाठ आहे:
'उजेडा, चुकीच्या दिवशी आलास,
आणि मी चुकीच्या तोंडानं तुला नेलं.'
पुढच्या बाजूला 'प्रति' सगळीकडे कोरं.
मागच्या बाजूला सगळीकडे 'तू'.

हा 'तू' म्हणजे ईश्वर, असं तुम्ही लिहिलंय.
असेलही. मी शाळेत चौथीपर्यंत.
मला एवढंच ठाऊक आहे
की त्या 'तू'ला वाचता येत नव्हतं,
डाव्या कानानं ऐकूही कमी यायचं,
आणि शुक्रवारी खिडकी बंद झाल्यावर
आत स्टुलावर बसून, पाय शेगडीकडे करून,
तो 'तू' मध्येच म्हणायचा,
"थांब गं. पुन्हा वाच.
ते मेंढीचं."