इतिवृत्तात नसलेलं

बैठक सातला लावली होती, आठला सुरू झाली,
जिनिंग सोसायटीच्या वरच्या खोलीत,
सरकीच्या पोत्यांना टेकून.
पारोळ्यात आमच्या संगीत मंडळीला
एवढीच जागा फुकट मिळते.

ट्रंकेतल्या संहितांना कव्हरं उरलेली नाहीत,
नावं आम्हीच ठेवलीत :
शापाचं, दोन राण्यांचं, बोटीचं,
आणि ते लांबलचक, सतरा पदांचं,
ज्याला आम्ही नुसतं ‘ते’ म्हणतो.

यंदा तीन करायची. एक रथाच्या आधी,
एक थंडीत, एक आखाजीला.
कुणाला कुठलं आवडतं
हे आमच्यात कुणी विचारत नाही.

इक्बाल पिंजारी थंडीभर गाद्या-रजया भरतो,
संध्याकाळी त्याच्या बोटांत कापूसच असतो,
तेव्हा द्रुत लयीचं काही नको. बोटीचं बाद.
सिंधूताई बाविस्करांच्या सुनेचे माघात दिवस भरतात;
दोन राण्यांतली एक गेली,
उरलेली भांडणार कुणाशी?
राजवाड्याचा पडदा उंदरांनी खाल्ला, अरण्य शाबूत आहे,
म्हणून सहा वर्षं आमचे सगळे राजे वनवासात.
आणि रात्री अकराला शेतातली लाईन येते,
निम्मं थेटर पाणी भरायला उठतं.
नायिकेला मरायचंच असेल
तर तिनं साडेदहाच्या आत मरावं,
असं खजिनदार निंबा शिंपी म्हणाले.
मी लिहून घेतलं.

ऑर्गनची काळी दोन बोलत नाही.
दाबली की नुसतं लाकूड वाजतं.
सूरच तुटलाय, नवा मागवावा लागेल, म्हणाला धुळ्याचा कारागीर,
आकडा सांगितला तेव्हा
निंबाभाऊंनी चष्मा पुसायला घेतला होता.

काळी दोन लोटनअण्णांची.
चाळीस वर्षं नायकाची सगळी पदं तिथूनच उठायची.
त्यामुळे सोपं झालं.
‘ते’ नको, ऑर्गनमुळे.
शापाचंही नको, ऑर्गनमुळे.
जो तो ऑर्गनकडे बघत होता.
मागच्या आखाजीला दुसऱ्या अंकात
अण्णांचा आवाज वरच्या षड्जाच्या अलीकडे बसला
तो परत उठला नाही,
हे खोलीतल्या नऊ जणांना माहीत होतं.
दहावे अण्णा.
मी तेव्हा विंगेत पुस्तक धरून होते.
शब्द विसरला तर मी देते,
बावीस वर्षं देतेय.
शब्द तर त्यांना पाठ होते.

अण्णांनी हातावरची तंबाखू झटकली.
“त्या पेटीले कसाले बोल लावतस?
मना गळा आते विझी गया.
‘ते’च करा. पदं भूषणले द्या,
त्यानी पांढरी एक शे.”
आणि तुम्ही?
“म्हातारा बाप शे ना त्यामा. आंधया.”

त्या बापाला एकही पद नाही.
शेवटच्या प्रवेशात उठून दार उघडतो, एवढंच.
दार आमच्याकडे नाही, अरण्य आहे,
इक्बाल हळूच म्हणाला.
“मंग झाडं बाजूले करसू.”

हसलो सगळे, जरा जास्तच.
ठराव एकमताने मंजूर.
बाकीची दोन पुढच्या बैठकीत.

जिना उतरले आणि पिशवी आठवली.
वर अण्णा एकटेच ऑर्गनवर बसलेले,
पाय भात्यावर, बोट काळी दोनवर.
लाकूड वाजलं.
पुन्हा लाकूड.
मग त्यांनीच तो सूर दिला, बारीक, फाटका,
सरकीच्या पोत्यांना ऐकू जाईल एवढाच,
पण केसभरही खाली नाही.

पिशवी मी दुसऱ्या दिवशी आणली.

उपस्थिती दहा.
चहा नव्वद रुपये. मुरमुरे उधार.