दोनदा घोळवायचं

पहिला घाणा फुटला.
चीज तेलात सांडलं, तडतडलं,
झाऱ्याला चिकटून बसलं.
ओट्यावर बसलेली रेवा म्हणाली,
"बाबा, आई दोनदा घोळवते."

बरं. दोनदा.
कॉर्नफ्लोअरची पेस्ट, शिळ्या ब्रूनचा चुरा,
पुन्हा पेस्ट, पुन्हा चुरा, टोकं नीट दाबून.
बोटं माझीच तळायला तयार दिसायला लागली.
मग अर्धा तास फ्रीजरमध्ये,
मटारच्या पिशवीवर.

अर्धा तास म्हणजे फार.
सातला तिला भांडुपला पोचवायचंय.
खाली सोसायटीत पाण्याचा टँकर मागे घेतायत,
येऊ दे, येऊ दे, बस्स.
आम्ही कोडं सोडवत बसलो.
"नदीचा काठ, दोन अक्षरं."
तिला आलं, मला नाही.

दुसरा घाणा गपचूप तळला गेला.
तांबूस. एकही फुटला नाही.
एक टोक तिनं दातांत धरलं, एक माझ्या चिमटीत,
कुर्रकन मोडलं आणि तार निघाली.
"तोडू नका हं," भरल्या तोंडानं म्हणत
ती एक पाऊल मागे सरकली,
मग अजून एक.

मी हात लांब करून उभा.
सहा चाळीस.
मागे तेल तापतंय, गॅस बारीक करायचा राहिलाय.