पाळी कुणाची

सोहारच्या कारखानी वसाहतीत, रात्री अडीचला,
सर्व्हरच्या घरघरीत बसून
मी पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला.
४१७२ माझा.
४१७३ लिहिलं, एंटर दाबलं,
आणि समोर पोचय्या गड्डम उघडला,
पासपोर्टच्या फोटोत गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

हॅकिंगबिकिंग काही नाही.
बोट सरकलं म्हणा.
खोटं. सरकवलं.

दारात मला नाव विचारलं होतं,
पासवर्ड, शिवाय मोबाइलवर आलेले सहा आकडे.
एकदा आत घेतल्यावर यंत्रानं तोंड फिरवलं.
तू कोण, हे विचारलं.
कुणाच्या ट्रंकेला हात घालतोयस, हे नाही.

इथं फाटकावर कार्ड, दवाखान्यात कार्ड,
बसमध्ये चढताना, उतरताना.
पोचय्याला तर जेवणाचं ताट घेतानाही अंगठा लावावा लागतो.
माणसाची एवढी झडती
आणि त्याच्या कागदांना साधी कडी नाही.

४१७४. ४१७५.
थांबलो. परत मागे आलो.
रक्तगट, साखर, बायकोचं नाव, उचल किती, फेडली किती,
आणि तळाशी एक अर्ज:
रजा. कारण, मुलीचं लग्न. मंजूर.
तारीख सव्वा महिन्यापूर्वीची.
शेऱ्यात कुणीतरी लिहिलेलं: भट्टीचं काम संपेपर्यंत कळवू नये.

परवाच कपडे पिळता पिळता तो म्हणाला होता,
अजून काही आलं नाही साहेब वरून.

सॉफ्टवेअर फुकट, मुक्त,
कोड कुणीही वाचावा असा उघड्यावर वाळत घातलेला.
वाचला.
फाइल काढून देणारं काम अकरा ओळींत उरकलेलं,
आणि वर टीप: इथं मालकी तपासायची आहे, नंतर.
ते नंतर सात वर्षांपूर्वीचं.
लिहिणारा दिवसभर दुसऱ्याची चाकरी करून
रात्री हे लिहीत असेल, तेवढ्यात त्याचं मूल उठलं असेल.
त्याच्यावर चिडता येईना.
चिडायचं तर आमच्यावर,
सगळ्यांना दिसतंय म्हणजे कुणीतरी पाहिलंच असेल,
असं समजून घेऊन टाकणाऱ्यांवर.

गेल्या शुक्रवारी डोंगराकडे गेलो होतो,
सालेह बिन हमूदच्या खजुराच्या बागेत.
फलजचं पाणी दगडी चरातून येतं
नि गाव ते घटका मोजून वाटून घेतं.
चराला दार नाही, कुलूप नाही,
भोकाला एक दगड आणि चिंधी, झाला बांध.
पण दगड हलवायच्या आधी म्हातारा आरिफ,
म्हणजे आपला पाटकरीच,
काठीची सावली पाहतो आणि विचारतो,
पाळी कुणाची?
सालेहला विचारतो. पोटच्या पोरालाही विचारतो.
पाणी उघडंच असतं,
प्रश्न चुकत नाही.

मग लिहिली ती राहिलेली ओळ:
मागणारा आणि मालक एक नसतील तर नाही म्हण.
तपासून पाहिलं. ४१७३ नं मला हाकललं.
या देशात हाकललं गेल्यावर बरं वाटायची
ही माझी पहिलीच खेप.
दुरुस्ती त्या अनोळखी माणसाला गुपचूप पाठवली,
इद्रीस परकारला चिठ्ठी ठेवली,
सकाळी आल्या आल्या आपल्याकडेही चढव.

दार लागलं.
आता पोचय्याची रजा फक्त पोचय्याच बघू शकणार,
आणि पोचय्यानं ते पान जन्मात उघडलेलं नाही.

मी पाहिलं, तो माझा हक्क नव्हता.
न पाहिल्यासारखं करायचा
तो तरी कुठून आणू?

अजान झाली. खाली पहिल्या पाळीची बस
दिवे न विझवता उभी.
नोंदवहीत माझं नाव, वेळ, ४१७३,
ते पुसलं नाही. पुसता आलं असतं.
जिना उतरलो.
रांगेत तो, काखेत डबा, डोळ्यांत झोप.

पोचय्या, म्हटलं,
तो लॉगिनचा कागद दिला होता तुला,
कुठं ठेवलायस?