एल साईज

नऊ नंबरचा पिवळा टी-शर्ट
विजयालक्ष्मीनं कापला, मी रात्रपाळीला असताना.
विचारलं नाही. विचारलं असतं तर
मी कपाटाला पाठ लावून बसलो असतो.

पाठीवर 'भद्रावती बुल्स' होतं.
धुऊन धुऊन 'भद्रा' गेलं,
मग 'बुल्स'चं शेपूट.
शेवटी 'वती बु' एवढंच राहिलं
आणि तेवढ्यावर मी पाच उन्हाळे काढले.

आधी तो बाहेरचा होता, मग घरातला,
मग नुसता झोपायचा,
मग गच्चीवर झोपायचा, जिथं बघायला फक्त टाकी.
काखेत भोक, दोन बोटं जातील एवढं.
चव्वेचाळीस डिग्रीत
तेवढीच काय ती खिडकी.

माझ्या मागांवरून शेकड्यानं टॉवेल उतरतात,
घड्या होऊन, पेट्यांत बसून समुद्रापार जातात,
कुठल्या हॉटेलात कुणाच्या पाठी पुसतात कोण जाणे.
आमच्या घरात तोंड पुसायला
टी-शर्टचा खालचा काठ.

वडील हातमागावरचे. टी-शर्टला कापड म्हणायचे नाहीत.
"ताणा कुठंय? बाणा कुठंय?
एका दोऱ्याचं जाळं हे, मासे धरा त्यात."
पण एवढं कबूल करायचे:
कापलं तरी दशा सुटत नाहीत.
पट्टी ओढली की कड आपली आपण
आत वळते,
बोलणी खाल्लेल्या माणसासारखी.

सकाळी आलो तर ती विड्या वळत बसलेली,
मांडीवर सूप.
पानं ज्या ओल्या फडक्यात गुंडाळली होती
ते पिवळं होतं.
नवाचं वेटोळं माझ्याकडं बघत होतं.

"आता पोनी," ती म्हणाली. जाऊ दे.
तेलुगूत जाऊ दे म्हटलं की
आमच्यात भांडण मिटलं असं धरतात.
मी धरलं नाही. तीन दिवस बोललो नाही.

चौथ्या रात्री सव्वादोनला पाणी आलं.
गढूळ, आधी फुसफुसत, मग धडधडत.
ती घागरी काढत होती. मी फडकं शोधायला गेलो
तर बाही खिळ्याला टांगलेली.
माझ्या दंडासाठी शिवलेली
तोटीला नेमकी बसली.
सकाळी उलटी केली, चिमूटभर रेती निघाली.
एवढे दिवस ही रेती आमच्या पोटात.

पट्ट्यांची तिनं वेणी घातली, वेणीची चुंबळ केली,
चुंबळीवर घागर, घागरीखाली तिचं डोकं.
एक तुकडा मीच न सांगता खिशात घातला.
कारखान्यात पुसायला वेस्ट मिळतं, पोतंभर,
पण चार नंबरच्या मागाचं तेल
त्या दिवशी मी माझ्या टी-शर्टनं पुसलं.
सिद्रामप्पानं विचारलं, "काय हो, पिवळं सोनं?"
मी म्हटलं, "होजिअरी. चांगलं शोषतं."

एक गोष्ट घरात कुणाला माहीत नाही.
फायनलला मी शून्यावर बाद झालो.
पहिलाच चेंडू, बॅट हवेत, मधला दांडा आडवा.
लग्नात मी एक्केचाळीस सांगितले,
स्रवंती जन्मली तेव्हा ते त्रेपन्न झाले होते.
खरं फक्त टी-शर्टला ठाऊक.
आता साक्षीदार पांगला: थोडा तोटीला,
थोडा पानांत, थोडा तेलात.
खटला चालणार नाही.

गळा उरला होता, नुसती गोल पट्टी.
स्रवंतीनं ती केसांना लावली
आणि पार्कवर चारशे मीटर पळायला गेली.
कितवी आलीस, विचारलं.
"पाचवी," म्हणाली. लगेच. खरं खरं.
घाम पुसत,
त्याच पट्टीनं.

लेबल विजयालक्ष्मीनं जपून ठेवलंय,
बटणांच्या डबीत.
त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
एल लिहिलंय त्याच्यावर.
मी आता डबल एक्सेल.