कोंबड्या कशावरच्या

रविवार कारंजाच्या दुकानात
चांडकशेठ तराजू पुसता पुसता विचारतात,
"सिस्टर, कोंबड्या अंड्यावरच्या की मांसाच्या?
त्याप्रमाणे पोतं."

मी म्हणते, पाच आहेत.
ते म्हणतात, तसं नव्हे.

अंड्याचं पोतं पिवळ्या शिलाईचं, मांसाचं लाल.
चाळीस दिवसांत दोन किलो
असं छापलंय त्यावर, खाली हसरी कोंबडी.
चाळीस दिवसांत आमच्या वॉर्डात
टायफॉइडचा पेशंटसुद्धा धड उभा राहत नसे.

मी भरडलेला मका घेते, बाजरी घेते,
शिंपल्यांचा चुरा पाव किलो, वेगळा बांधून.
रिक्षा शरणपूरला वळते तेव्हा आठवतं,
उत्तर दिलंच नाही.

घरामागे, पाण्याच्या टाकीला टेकून जाळी.
सकाळी मेथीच्या काड्या, भिजली मटकी,
दुपारी कलिंगडाची साल.
चिवड्याच्या डब्याच्या तळाचा चुरा नाही,
त्यात मीठ. तो मीच खाते, चमच्याने.

कांदाही नाही.
कोंबडीच्या रक्ताला सोसत नाही म्हणे.
हे ऐकून शेजारच्या हौसाबाई जरा दुखावल्याच,
त्यांचं माहेर लासलगावचं.

मागच्या गुरुवारी गिरणाऱ्याहून
बोरस्त्यांचा प्रल्हाद द्राक्षांची क्रेट ठेवून गेला,
निर्यातीला नापास झालेली.
"टाका कोंबड्यांना."
मी विचारलं, शेवटची फवारणी कधीची?
तो चपला घालत राहिला,
दोन चपलांना लागतो त्याहून बराच जास्त वेळ.
मग म्हणाला, "आपण खातोच की, सिस्टर."

एक घड मी तीनदा धुतला,
ऑपरेशनआधी कोपरापर्यंत हात धुवायचो तसा.
मग जाळीशी उभी राहून मीच खाल्ला.
गोड होता.
त्या पाचही जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

चौघी तरण्या, रोजच्या रोज अंडं.
पाचवी मेट्रन.
चाल तशीच, मान तशीच,
तुरा मात्र उन्हात राहिलेल्या फितीसारखा विटलाय.
नाताळात तिनं शेवटचं अंडं घातलं, बिनकवचाचं.
तळहातावर घेतलं तर
सलाइनच्या पिशवीसारखं हललं.
मी शिंपला वाढवला.
गुरांचे डॉक्टर म्हणाले, आता उलट बंद करा,
अंडं थांबलं की तोच चुना मूत्रपिंडात बसतो.

त्याच आठवड्यात माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी
माझी चुन्याची गोळी दुप्पट केली.
मी दोघांच्याही चिठ्ठ्या
फ्रिजवर एकाच चुंबकाखाली लावल्या आहेत.
गोळी घेताना कधी कधी
चुकीची चिठ्ठी वाचते.

आता पंगत दोन ठिकाणी.
चौघींना शिंपला घालून परातीत,
मेट्रनला नुसती बाजरी, जुन्या किडनी ट्रेमध्ये,
निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये घालून आणलेल्या.
ती ट्रेकडे बघते, एक दाणा टिपते, उलटा टाकते,
आणि राउंडला निघाल्यासारखी परातीकडे चालू लागते.
मेट्रन, तुमचं डाएट वेगळं, मी म्हणते,
आणि छत्रीच्या दांड्यानं हलकेच आडवते.
मेट्रनला कुणी आडवलेलं
तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं.

हौसाबाई भिंतीवरून म्हणतात,
"खाऊन टाकायची की, सिस्टर. वेळ गेली नाही."
वाईट बाई नाहीत त्या. मसालाही त्यांचा चांगला असतो.
मी म्हटलं, बघू.
मेट्रननं मान तिरकी केली.
बघूचा अर्थ तिला कळत असावा,
आम्ही तो रोज नातेवाइकांना सांगायचो.

या खेपेला उत्तर पाठ करून गेले.
"चार अंड्यावरच्या," मी म्हटलं.
चांडकशेठनी पिवळ्या शिलाईला हात घातला.
"आणि पाचवी?"

"पाचवी बाजरीवरची."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
बाजरी जोखली, काटा स्थिर होऊ दिला,
वर आणखी एक मूठ टाकली.
आणि तिचेही पैसे लावले.