रकान्याबाहेर

झिपरू आप्पांच्या केळी पिकवायच्या खोलीत
आता आम्ही चौदा जणी बसतो.
गारवा तोच ठेवलाय, मशिनींसाठी.
भिंतींना अजून वास आहे
पिवळं होऊ घातलेल्या घडांचा.
बाहेर पंचेचाळीस. बोअरला दिवसाआड पाणी.
आणि मी टाइप करते: तळघरात चार फूट.

नदीकाठचं कुठलंसं शहर,
नकाशात बोटाखाली झाकलं जातं.
तिथे संध्याकाळ झाली की पुराच्या विम्याचे कागद निघतात,
सकाळी सातला चोपड्याच्या अलीकडे, माझ्यासमोर.
नाव, घर नंबर, नुकसान, रक्कम.
फॉर्ममागे सव्वादोन रुपये,
शंभरात एक चूक, की सगळा गठ्ठा परत.

घरी कळण्याची भाकरी थापता थापता
सासू विचारते, "आज कितलं पानी भरनं व तठे?"
मी सांगते.
ती हात थांबवते. "अठे धाडी द्या म्हना."

न लागणारं अक्षर माझ्याकडे येतं.
बाप जिनिंगमध्ये मापारी होता,
त्याच्या चिठ्ठ्या वाचल्यावर
जगातलं कुठलंही अक्षर लागतं.

परवा एका म्हाताऱ्याचा फॉर्म आला.
फ्रीज, गालिचा, शिवणयंत्र, सगळं रकान्यात.
आणि समासात, तिरकं:
यंत्र चालत नव्हतं, तरी लिहितो.
सुईत तिनं ओवलेला दोरा तसाच होता.

भटूला दाखवलं.
"समास आपल्या कामात नाही ताई, पुढचा घ्या."

पुढचा घेणार, तोच नेट गेलं.
पाटचारीच्या कडेनं ठिबकची नळी पुरताना
जेसीबीनं केबल उचकटली होती.
सगळ्या जणी पदर डोक्यावर घेऊन बघायला गेलो.
धुळीत पडलेली काच, केसाएवढी.
हात लावू नका, बोटात शिरते, म्हणाला जोडणारा.
एवढ्याशा वाटेनं ते सगळं पाणी यायचं?
त्यानं चष्मा कपाळावर सारला,
दोन टोकं डोळ्यांजवळ धरली,
आणि श्वास रोखला. आम्हीही.

लाइन आली तेव्हा साडेपाच झाले होते,
दिवसाचे निम्मे पैसे बुडाले होते.
बाकीच्या भराभर बडवत होत्या.
मी तोच फॉर्म पुन्हा उघडला.
'वस्तू'च्या रकान्यात थोडी जागा उरत होती.
लिहिलं: शिवणयंत्र, दोऱ्यासह.

गठ्ठा गुरुवारी गेला.
अजून परत आलेला नाही.